ताण तोडायचा दिवस

अंबाबाईंनी नारळ पदराखाली असा धरला होता, जणू थंडी त्यालाच वाजत होती. संक्रांत होऊन गेली तरी सकाळचा गारठा हटला नव्हता. जीपच्या मागच्या सीटवर सासूच्या शेजारी, मांडीवर झोपलेल्या चिमीला शालीत गुंडाळून प्रणाली बसली होती. सौंसर सोडल्यापासून दोघींत एक शब्द झाला नव्हता. बोलायचं ते काल रात्री स्वयंपाकघरात बोलून झालं होतं, आणि उरलं होतं ते पुढच्या सीटवर बसलेल्या माणसाच्या कानावर जाण्यासारखं नव्हतं.

पुढे प्रणालीचे थोरले दीर रोशनदादा गाडी चालवत होते. त्यांच्या बाजूला दुखरा गुडघा लांब करून सासरे केशवराव बसले होते आणि ते मात्र खुशीत होते. खुशीत असले की ते रस्त्यावरच्या प्रत्येक बागेला नावं ठेवत.

"हे पाह्य. दादारावाची बाग. आत्ताच पानी देऊन बसला. पाला येईन निस्ता, पाला! बकऱ्या पाळजो म्हना."

"आपलं तरी कुठं झालं बाबा," रोशनदादा समोरच पाहत म्हणाले. "आपली जमीन तं त्याच्याहून भारी. मी म्हनून राहिलो होतो, अजून आठ-दहा दिवस..."

"तू म्हनतच राह्य."

रोशनदादांनी गिअर बदलला. थोडा जास्तच जोरात बदलला, असं प्रणालीला वाटलं.

थंडीत संत्र्याचं पाणी तोडून झाडाला ताण देतात, हे प्रणालीला या घरात आल्यावर कळलं. झाड तहानलं पाहिजे, पानं मलूल होऊन मिटली पाहिजेत, थोडी गळलीही पाहिजेत. मग पाणी दिलं की झाड जीव खाऊन फुलतं. लवकर दिलं तर फूल सोडून पाला धरतं. म्हणून ताण कधी तोडायचा हे केशवराव ठरवत, आणि तो दिवस या घरात सणासारखा होता. रामाकोन्याच्या बागेत सगळे जमायचे, गोवऱ्यांच्या आरावर कणकेचे जाड रोडगे भाजायला लागायचे, आणि केशवराव ज्याच्या हातात नारळ देतील तो मोटरची कळ दाबायचा. वर्षानुवर्षं ते स्वतःच दाबत आले. गुडघ्यानं दगा दिल्यापासून मान रोशनदादांकडे होता.

या वर्षीचा दिवस मात्र झाडांकडे पाहून ठरला नव्हता. तो पांढुर्ण्याच्या मोरेश्वररावांची सवड पाहून ठरला होता.

मोरेश्वरराव म्हणजे केशवरावांच्या लेकीचे, सुधाचे सासरे, घरचे इवाई, म्हणजे व्याही. सौंसरजवळ बोरगावला संत्र्याच्या रसाचा कारखाना टाकत होते. मशिनी आल्या होत्या, शेड उभं होतं, आणि सगळ्याचा भार घेईल असा एक इंजिनिअर पाहिजे होता. केशवरावांनी धाकट्या मुलाच्या, प्रणालीच्या नवऱ्याच्या वतीनं शब्द दिला होता. वीरू येते. नागपूरची मास्तरकी सोडते अन् येते.

हे वीरेंद्रला सोडून घरात सगळ्यांना माहीत होतं.

"त्याले आधी सांगितलं तं तो हज्जार सवाल करीन," केशवराव काल म्हणाले होते. "इवायासमोर सांगू. मंग नाई म्हनायची सोयच राहत नाई."

अंबाबाई तेव्हा कणीक मळत होत्या. त्यांनी सुनेकडे पाहिलं होतं, सून चुलीकडे. कारण केशवरावांनी शब्द हवेतून काढला नव्हता. पंधरवड्यामागे गुडघा शेकायला गरम पाण्याची पिशवी द्यायला ती गेली, तेव्हा त्यांनी सहज विचारलं होतं, "वीरू इकडेच नोकरीले आला तं तुले बरं वाटन ना वं?" आणि तिनं तितक्याच सहज सांगितलं होतं, "बरंच वाटेल मामाजी."

एवढंच. चार शब्दही नाहीत. पण सासऱ्यानं त्यावर कारखाना उभा केला होता.

वीरेंद्र काल, शनिवारी रात्री उशिरा नागपूरहून आला तेव्हा ती त्याला सांगू शकली असती. चिमी त्याच्या पोटावर झोपली होती, तो तिच्या केसांत बोटं फिरवत होता. आता सांगते, आता सांगते असं करत प्रणालीलाच झोप लागली. सकाळी जाग आली तर तो पुतणीला मोटरसायकलवर मागे बसवून केव्हाच बागेकडे निघून गेला होता.

*

जीप थांबली तेव्हा मोटरच्या खोलीतून पूनमचं हसणं ऐकू आलं. रोशनदादांची ही मुलगी यंदाच पॉलिटेक्निकला लागली होती. तिची आई माहेरी गेली होती, म्हणून रोडग्यांचं सगळं आज अंबाबाई आणि प्रणालीवर होतं. पण प्रणाली आधी चिमीला कडेवर घेऊन मोटरच्या खोलीच्या दारात जाऊन उभी राहिली.

मोटर चालू होती, पाणी फक्त टाक्यात पडत होतं. वीरेंद्रनं लांब दांड्याच्या पेचकसाचं, स्क्रू-ड्रायव्हरचं टोक मोटरला टेकवलं होतं आणि मूठ पूनमच्या कानाला लावली होती. डॉक्टर छाती तपासतात तसं.

"काय ऐकू येते?"

"आवाज."

"कशाचा?"

"मोटरचा! अजून कशाचा येईन काका?"

"कसा आवाज?"

पूनमनं डोळे मिटले. "आजी घोरते तसा. मधातच अडकते, मंग पुन्हा चालू."

"हे आजीसमोर नको सांगू, रोडगा भेटणार नाही. कोणत्या बाजूनं अडकते?"

तिनं पेचकस सरकवला. पुढं लावला, मागं लावला. वीरेंद्र भिंतीला टेकून उभा होता. त्याला उत्तर माहीत आहे, हे प्रणालीला दिसत होतं. दारातूनच नुसता आवाज ऐकून त्याला कळलं असणार. पण तो गप्प होता, आणि त्या गप्प बसण्यात कसलीच घाई नव्हती.

"पंख्याच्या बाजूनं जास्त आहे," पूनम म्हणाली. "बेअरिंग?"

"मला काय विचारते? कान तुझा आहे."

"बेअरिंगच."

"मग बंद कर, तुझ्या बाबांना सांग. हंगामात मधेच गेली तर पंचाईत."

पूनम उडी मारतच बाहेर गेली. चिमीनं हात पुढे केले, तेव्हा कुठे वीरेंद्रचं दाराकडे लक्ष गेलं. "आली का माझी माय!" त्यानं लेकीला घेतलं, आणि आता पेचकसाची मूठ तिच्या कानाला लागली.

हाच पेचकस. बोरगावच्याच एका कारखान्यात तो बारा वर्षं हाच घेऊन फिरला होता. लग्नानंतरची पहिली काही वर्षं प्रणालीनं त्या कारखान्यासोबतच काढली. तिथं कोणाला मशीनचा आवाज कसा आहे हे ऐकायचं नव्हतं, मशीन कधी चालू होते एवढंच पाहिजे होतं, आणि ते विचारायला फोन जेवणाच्या ताटावर येत. वीरेंद्र हुशार होता, वर चढत गेला. जितका वर चढला तितका घरी कमी बोलू लागला. यायचा, हात धुवायचा, साबण दोनदा लावायचा आणि भिंतीकडे पाहत बसायचा. अंबाबाई म्हणायच्या, थकते बिचारा. प्रणालीला माहीत होतं, ते थकणं नव्हतं. थकलेला माणूस झोपतो.

मग एका शनिवारी कारखान्यातल्या नव्या पोरांना शिकवणारा माणूस आला नाही म्हणून त्याला वर्गात उभं केलं. रामाकोना, बोरगाव, आजूबाजूच्या खेड्यांतली ती पोरं. त्या संध्याकाळी तो घरी आला तो बाहीवर खडूची धूळ घेऊन. आणि बोलत सुटला. एक पोट्टा असं म्हणाला, एकानं असं विचारलं, मलाच उत्तर आलं नाही पाह्य! भात निवून गेला तरी तो बोलत होता. नंतरची सगळी वर्षं, नोकरी सांभाळून पुन्हा शिकणं, पहाटेचे अभ्यास, नागपूरच्या विद्यापीठातली मुलाखत, ही त्या एका निवलेल्या भातातून निघाली, असं प्रणाली मानत होती.

केशवरावांनी मात्र गावाला सांगितलं, "वीरू मास्तर झाला." पोराला सर्दी झाली, हे सांगावं त्या आवाजात.

आणि तरीही, त्यांनी विचारल्यावर ती "बरंच वाटेल" म्हणाली होती. खोटं बोलली नव्हती. चिमीला ताप आला की औषधाची बाटली उजेडात धरून ती एकटीच माप पाहायची. चिमी पहिलं पाऊल टाकून पडली ते त्यानं फोनवर पाहिलं. केशवरावांचा गुडघा, सासूचं वय, म्हणून ती सौंसरला राहिली होती. कोणी तिला "राह्य" म्हटलं नव्हतं, ती आपोआप राहिली. झाडाला ताण देतात तेव्हा तो कधीतरी तोडायचा असतो, हे तरी ठरलेलं असतं.

"काय झालं?" वीरेंद्रनं विचारलं. "चेहरा असा काहून?"

"अहो, ऐका ना..."

बाहेर गाडीचा हॉर्न वाजला. पांढुर्ण्याचे पाहुणे आले होते.

*

मोरेश्वरराव आले की आधी त्यांचा आवाज येई, मग ते येत.

"केशवराव! रोडग्याचा वास पार हायवेले येऊन राहिला! अहो इहीनबाई, तूप कमी नका करू, डॉक्टर इथं नाई."

त्यांच्या मागून सुधा उतरली. येताच तिनं चिमीचे मुके घेतले, भावाच्या पाठीत धपाटा घातला आणि प्रणालीजवळ येऊन हळूच विचारलं, "वीरूदादाले सांगितलं का?"

प्रणालीनं मान हलवली.

"माय वं," सुधा म्हणाली. तिचा चेहरा उतरला. "वहिनी, मामंजी महिन्याभरापासून हेच गाणं गाऊन राहिले. घरी पाहुना आला की, आमचा इंजिनिअर घरचाच आहे! आता काही उलटं झालं तं जन्मभर मलेच ऐकवतीन."

मोरेश्वररावांनी वीरेंद्रच्या हातावर तिळगूळ ठेवला. "घ्या प्राध्यापकसाहेब, गोड बोला. की आमच्याशी बोलाची फी लागते?"

"तुमच्याकडून नाही घेत मामा. पण परीक्षा द्यावी लागंल."

"अरे बाप! मी तं मॅट्रिकले गणितात दोनदा बसलो. शेवटी गणितच कटाळलं!" ते स्वतःच मोठ्यानं हसले आणि झाडांकडे वळले. माणूस संत्र्याच्या धंद्यात केस पांढरे केलेला. बोलता बोलता त्यांनी एका झाडाची फांदी वाकवली, पानं पाहिली, आणि काही न बोलता सोडून दिली. प्रणालीच्या ते लक्षात आलं. केशवरावांच्याही आलं असावं, कारण ते घाईनं म्हणाले, "चला चला, आधी पानी, मंग जेवन."

सगळे मोटरच्या खोलीसमोर जमले. अंबाबाईंनी दाराच्या चौकटीला हळदकुंकू लावलं, अगरबत्ती पेटवली आणि नारळ केशवरावांच्या हातात दिला. रोशनदादांनी सवयीनं हात पँटला पुसले आणि एक पाऊल पुढे टाकलं.

"थांब," केशवराव म्हणाले. "यंदा वीरू."

रोशनदादा थांबले. पुसलेले हात तसेच पुढे राहिले. मग त्यांनी ते हळूहळू खिशात घातले.

"आज दोन कामं आहेत," केशवराव काठीवर भार देत म्हणाले. आवाज पोथी वाचायला बसावं तसा लावला होता. "पानी सुटन, अन् माह्या घरचा मानूस घरी येईन. इवाई, मी तुमाले शब्द दिला तो दिला. वीरेंद्र पाडव्यापासून तुमचा कारखाना पाहते. घे वीरू. फोड नारळ."

नारळ वीरेंद्रच्या हातात आला. त्यानं वडिलांकडे पाहिलं, मग मोरेश्वररावांकडे, अंबाबाईंकडे. त्या अगरबत्तीची राख झटकत होत्या. शेवटी त्याची नजर प्रणालीवर आली आणि तिथंच थांबली. तिनं नजर वळवली नाही. वळवावी असं फार वाटलं.

"बाबा," तो म्हणाला, "मला कोणी विचारलं नाही."

"बापाले पोराले इचारा लागते का आता? इथं मोठी खुर्ची आहे, घर आहे, बायको-पोरगी आहे. तिथं काय आहे तुह्यं? खडू!"

"व्याह्यांसमोर नको रे वीरू," अंबाबाई पुटपुटल्या. "घे, फोड. बाकीचं घरी बोलू."

फोडला की झालं, हे तिथं उभ्या असलेल्या प्रत्येकाला माहीत होतं. त्या नारळानंतर घरी बोलण्यासारखं काही राहिलं नसतं.

वीरेंद्र मोटरकडे गेला नाही. नारळ तसाच हातात घेऊन तो पहिल्या ओळीतल्या झाडाजवळ गेला. चिडला असेल असं प्रणालीला वाटलं, पण त्याचा आवाज सकाळी पूनमशी बोलताना होता तसाच होता.

"दादा, इकडं ये जरा. तुला काय वाटते? झालं का झाड?"

रोशनदादा जागचे हलले नाहीत. "मले काय इचारतो? बाबांनी ठरवलं."

"बाबांनी ठरवलं ते ऐकलं मी. तुला काय दिसते, ते विचारून राहिलो."

 गोवऱ्यांचा धूर सगळ्यांच्या अंगावरून गेला. वीरेंद्र वाट पाहत राहिला. प्रणालीला वाटलं, आयुष्यभर या माणसाला कोणी असं विचारून वर थांबलेलं नसेल. थोरला, शाळा सोडलेला, बाग सांभाळणारा. त्याला सगळे काम सांगत, विचारत कोणी नसे.

रोशनदादा आले. त्यांनी पान खुडलं, मुठीत धरलं, चुरगळून पाहिलं. पायानं आळ्यातली माती उकरली. बोटभर खाली ती अजून काळी होती.

"नाई झालं," ते म्हणाले.  "पान ताठ आहे अजून. खाली ओल आहे. आज पानी देलं तं पालाच येईन. मी आठ दिवसांपासून हेच सांगून राहिलो, पन या घरात..." 

"रोशन!" केशवरावांची काठी जमिनीवर आपटली. "पाहुन्यासमोर अक्कल शिकवतो का बे? पन्नास वर्ष बाग केली मी!"

"चूक माझी आहे, मामाजी."

हे आपण बोललो, हे प्रणालीला बोलल्यावर कळलं. चिमी कडेवर होती, तिनं आईच्या गालाला हात लावला.

"तुम्ही मला विचारलं होतं, हे इकडं आले तर बरं वाटेल का. मी हो म्हटलं. ते खरंच होतं. आजही खरंच आहे. मला हे रोज घरी पाहिजेत." तिनं चिमीला सावरून घेतलं. "पण कारखान्यातून घरी कोण यायचं, ते मी पाहिलंय. भिंतीकडे पाहत बसणारा माणूस मला परत नको. तुम्ही विचारलं तेव्हा मी एवढंही सांगायला पाहिजे होतं. अर्धंच सांगितलं."

अंबाबाईंनी सुनेकडे पाहिलं. काल रात्री त्याच म्हणाल्या होत्या, गप राह्य, पुरुषांचं पुरुष पाहतीन. आता त्या पुढे आल्या, वीरेंद्रच्या हातातून नारळ काढून घेतला आणि पुन्हा पदराखाली धरला.

"सून खरं बोलून राहिली," त्या नवऱ्याला म्हणाल्या. "भिंत मीबी पाहिली. तुमीबी पाहिली."

 काठी टेकत, गुडघा ओढत केशवराव त्या झाडापाशी गेले. मदतीला धावलेल्या पूनमला त्यांनी हातानंच बाजूला सारलं. पान खुडलं. दोन बोटांत धरून वाकवलं. ते वाकलं आणि सोडल्याबरोबर सरळ झालं. त्यांनी दुसरं खुडलं. तेही तसंच. झाडाबद्दल केशवराव कधी खोटं बोलले, असं सौंसर तालुक्यात कोणी सांगितलं नसतं.



"इवाई," ते वळले तेव्हा आवाज पोथीचा नव्हता. "पानी आज नाई, पुढल्या रविवारी. दादारावाले हसत हसत आलो, अन् मीच..." त्यांनी हातातलं पान टाकलं. "अन् ते दुसरंबी. शब्द माहा होता, पोराचा नोहता. मी वापस घेतो. तुमी काय म्हनसान ते ऐकून घेतो."

सुधा पदराचं टोक पिळत होती. मोरेश्वररावांनी एकदा सुधाकडे, एकदा झाडाकडे पाहिलं आणि मोठा श्वास सोडला.

"राग तं आला केशवराव. खोटं काहून सांगू? आता पुन्हा मानूस शोधा लागन मले." मग त्यांनी मघाची तीच फांदी वाकवली. "पन आल्याबरोबर मी हे पान पाह्यलं होतं. म्हटलं, केशवरावासारखा मानूस आज पानी देते, मतलब काही तरी बिघडलं आहे. आता सांगा, पानी नाई तं नाई, रोडगेबी नाई का?"

"आहेत ना!" अंबाबाई जवळजवळ ओरडल्याच.

जेवणं झाली. हसणं पुन्हा आलं, पण ते सकाळचं नव्हतं. केशवराव कमी जेवले. मोरेश्वररावांनी पुन्हा तूप मागितलं नाही. सुधा जाताना प्रणालीच्या गळ्यात पडली आणि कानात म्हणाली, "ऐकवतीन, पन जरासं. चमचाभर तुपाएवढं." वीरेंद्रनं गाडीपाशी जाऊन मोरेश्वररावांना सांगितलं की मशिनी बसवताना तो विद्यार्थ्यांना घेऊन येईल, त्यांनाही शिकायला मिळेल. "पाहू," ते म्हणाले, आणि काच वर केली.

ताटं घासायला प्रणाली टाक्यावर बसली तेव्हा रोशनदादा हंडा भरायला आले. धाकट्या भावाच्या बायकोशी ते कधी दोन वाक्यांच्या वर बोलत नसत. आताही ते विहिरीकडे पाहूनच बोलले. "आईबाबांची फिकर नको करू. पूनमची आई आहे, मी आहे. तू काहून अडकून राहिली, ते मले आज कळलं."

आणि हंडा न भरताच निघून गेले.

*

सौंसरच्या बसस्टँडवर संध्याकाळी नेहमीसारखीच नागपूरच्या गाडीला गर्दी होती. रविवारी प्रणाली त्याला घराच्या फाटकातूनच निरोप द्यायची. आज ती चिमीला घेऊन इथवर आली होती.

"रात्रीच सांगितलं असतं तर बरं झालं असतं," वीरेंद्र म्हणाला.

"हो."

"मला राग आला होता. अजून थोडा आहे."

"मलाही आहे," ती म्हणाली. "तुम्हीही मला कधी विचारलं नाही. पोरांना विचारता, पूनमला विचारता, आज दादांनाही विचारलं."

  कंडक्टर सावनेर-नागपूर, सावनेर-नागपूर ओरडत होता. चिमीला बापाच्या खांद्यावरची पिशवी ओढायची होती. वीरेंद्रनं पिशवी खाली ठेवली, स्वतःही तिथल्या बाकड्यावर बसला, गाडीकडे पाठ करून.

"तुला काय पाहिजे?"

आणि तो थांबला. गाडी भरत होती, माणसं खिडकीतून रुमाल टाकून जागा धरत होती, पण तो थांबला.

"मी आणि चिमी नागपूरला येणार," प्रणाली म्हणाली. "तुमची एक खोली आहे, त्यात तिघं मावणार नाहीत. दोन खोल्या पाहा. तिची शाळा सुरू व्हायच्या आत. पाहू म्हणू नका. कधी, ते सांगा."

"मे," तो म्हणाला. "परीक्षा आटोपल्या की."

"मे म्हणजे मे."

"पुढल्या रविवारी बाबांना आपण दोघं सांगू. पाणी सुटायच्या आधी."

"आधी नको, नंतर," ती म्हणाली. "पाणी सुटलं की ते खुशीत असतात."

कंडक्टरनं घंटी मारली. तो धावत जाऊन चढला. जागा मिळाली नव्हती. दारातल्या दांड्याला धरून तो उभा राहिला आणि सौंसरच्या वळणापर्यंत तसाच मागे पाहत होता.

घरी आल्यावर प्रणाली देवघरात दिवा लावायला गेली. नारळ तिथं, देवासमोरच ठेवला होता. न फोडलेला. त्याच्या शेंडीला अंबाबाईंनी हळदीचं बोट पुन्हा एकदा लावलं होतं.